अटी मान्य आहेत

प्रेस बॉक्समधलं नेट पहिल्या किकऑफलाच मेलं.
साठ हजार फोन एकदम आभाळाकडे तोंड करून,
आणि टॉवर एकच, तोही म्हातारा.
मी लॅपटॉप बगलेत मारला, जिना उतरले,
रस्त्यापलीकडे कोवाल्स्कीच्या लाँड्रीत येऊन बसले.
इथलं वाय-फाय फुकट. पासवर्ड साबणाच्या मशीनवर चिकटवलेला,
त्यातलं एक अक्षर कुणीतरी नखानं खरवडलेलं.
मला पाठ आहे. हा माझा सातवा हंगाम.

भिंतीवर टीव्ही, मुका.
त्याच्यातला खेळ खऱ्या खेळाच्या अकरा सेकंद मागे.
उघड्या दारातून स्टेडियमची गर्जना येते,
मग पडद्यावर तिचं कारण.
उलटी वीज: आधी गडगडाट, मग लख्ख.
मधल्या अकरा सेकंदांत मी राहते,
तिथूनच टाइप करते:

'तिसरा डाउन, चार यार्ड. बत्तीस धावला. अडीच मिळाले.'
'पंट.'
'बत्तीस गुडघा धरून बसलाय. उठला. लंगडतोय.
नाही, ठीक आहे.'

वाचणारे आज एकोणीस.
नर्सिंग होममधली लुएला, जिच्या खोलीतला टीव्ही सामायिक
आणि शेजारणीला केकचे कार्यक्रम लागतात;
ट्रक कडेला घेऊन वाचणारा कुणी टोपणनावाचा;
आणि रसेल हाउप्ट,
वीस वर्षांपूर्वी ह्याच मैदानावर लेफ्ट गार्ड,
आता नॉर्थ डकोटात, तेलाच्या विहिरीवर.
तिथे चित्र पोचत नाही. आवाजही नाही.
अक्षर हलकं असतं, म्हणतो,
बर्फातूनही चालत येतं.

मार्चमध्ये मला ऑस्टिनला धाडलं होतं,
कुठल्याशा नव्या यंत्राच्या अनावरणाला.
दोन हजार वार्ताहर, मांड्यांवर दोन हजार उजेड.
मंचावरचा माणूस म्हणाला, हे सगळ्या जगाला जोडेल,
आणि त्याच्या पाठीमागे ते चक्र फिरत राहिलं,
घाण्याला जुंपल्यासारखं.
शेवटी काकुळतीला आला: कृपा करून आपापले लॅपटॉप मिटा.
एकानंही मिटला नाही.
मी लिहिलं, 'तो लॅपटॉप मिटायला सांगतोय.'
ते गेलंच नाही.

चौथा क्वार्टर. सतरा-एकवीस, आपण मागे.
ड्रायरमध्ये कुणाच्या तरी शर्टाचं बटण
काचेवर टकटक, टकटक.
'टाइमआउट. चौथा डाउन, पाच यार्ड, नऊ सेकंद. बॉडनर आता'

आणि पांढरा चौकोन:
तुमची तीन तासांची मोफत वेळ संपली आहे.
पुढे जाण्यासाठी अटी वाचा व मान्य करा.

एकेचाळीस कलमं.
सात वर्षांत एक वाचलेलं नाही.
खाली, खाली, अजून खाली,
बोट पडद्यावर, कान दाराशी.

गर्जना यायला हवी होती.

साठ हजार माणसं गप्प होतात तेव्हा
झेंड्याची दोरी खांबावर आपटते, ते ऐकू येतं,
रस्त्याच्या ह्या बाजूलासुद्धा.

मान्य. मान्य. मान्य.
नेट आलं. एकोणीस जण
माझ्या अर्ध्या वाक्याला लोंबकळत होते.
पडद्यावर बॉडनर अजून उभा, हात मागे नेलेला,
चेंडू त्याच्याच बोटांत.
तिथे अजून कुणी काही हरलं नव्हतं.
मला माहीत होतं, त्याला नव्हतं,
आणि एवढं जास्तीचं माहीत असण्याची
मला लाज वाटली.

मी रिकामी ओळ पाठवली. नुसती एन्टर.

नॉर्थ डकोटाहून लगेच: 'कळलं.'
मग, जरा वेळानं: 'बत्तीसचा गुडघा?'

कोवाल्स्कीनं फडकं फेकलं माझ्याकडे,
कॉफी सांडली होती, कधी ते कळलंच नाही.
टेबल पुसता पुसता मी टीव्हीकडे बघितलं,
गर्दीत बत्तीस शोधला, एका हातानंच लिहिलं:
'हेल्मेट काढलंय. चालतोय.
कुणाचा खांदा न घेता.'