पाच टेप, वर पंधरा इंच

चिंपांझीपासून आठ मीटर लांब उभं राहायचं,
असं त्या कागदात लिहिलंय.
झुलेखा मॅडमनी वाचून दाखवलं,
मी कानावरची पेन्सिल काढली.
माझा टेप साठ इंची. हिशेब बसला:
पाच टेप, वर पंधरा इंच.
म्हणजे माझ्या मशीनपासून
भानुदासच्या बंद गिरणीच्या पायरीपर्यंत.
"एवढ्या लांबून दिसेल का गं?"
मॅडम म्हणाल्या, चष्मा पुसत.

एकतीस वर्षं त्यांनी अंबाजोगाईत जीवशास्त्र शिकवलं,
चिंपांझी फक्त तक्त्यावर.
तोंडाच्या जागी वाळवीनं भोक पाडलेलं;
छडी तिथं टेकली की मागची भिंत दिसायची.
पोरं विचारायची, मॅडम, याचं तोंड कुठंय?
त्या म्हणायच्या, आफ्रिकेत.

आता फंडाच्या पैशातून दोन परवाने काढलेत.
त्यातला एक माझा. काहून, ते मी दोनदा विचारलं.
"तुझी नजर मापाची आहे," एवढंच बोलल्या.

फॉर्मात एक चौकट होती,
काही बरंवाईट झालं तर कुणाला कळवायचं?
मी त्यांचं नाव सांगितलं, त्यांनी माझं.
कॉम्प्युटरवाल्या जाहेदनं कपाळाला हात लावला:
अहो, तुम्ही दोघीपण जंगलातच असणार ना!
मग भानुदासचा नंबर टाकला.
गिरणी बंद पडल्यापासून तो मोकळाच असतो.

पिवळ्या तापाची लस, तिच्यासाठी पुण्याची रातराणी.
मोजे गुडघ्यापर्यंत, पँट मोज्यात खोचायची,
तिथल्या मुंग्या आत शिरतात म्हणे.
भडक रंग नको.
होमगार्डच्या गणवेशाचं खाकी उरलं होतं,
त्यात दोघींचं बेतलं.
गावाच्या हजारभर पँटी शिवल्या असतील मी.
स्वतःच्या पायाचं माप घ्यायला वाकले
तर टेपचं खालचं टोक धरायला कुणी नाही.
मॅडम फरशीवर बसल्या, चौसष्ट वर्षांच्या.
"किती?"
"छत्तीस."
"नीट बघा."
"साडेछत्तीस."

भाऊ म्हणतो, माकडं बघायला तीन विमानं?
बुट्टेनाथाला जावा की, भाकर बांधून. फुकट दिसतील.
गेलो. भाकर नाही नेली.
मास्क लावून दरीच्या काठाला तासभर गप्प,
कारण तिथंही एकच तास मिळतो.
वानरांनी थोडा वेळ आमची पिशवी लांबून जोखली,
मग आमचा नाद सोडला.
उंबरावर एक म्हातारी
दुसरीच्या मानेतून बारीक काहीतरी वेचत होती,
मी चुकलेला टाका उसवते तसं,
कापड न ओढता.
किती वेळ, ते मी बघितलंच नाही.
मॅडमनी नंतर सांगितलं, चाळीस मिनिटं झाली होती
तेव्हा त्यांना खोकला आला.
फांद्या हलल्या. उंबर रिकामा.

खडूचा खोकला आहे तो, जुना.
कुणाला लागत नाही.
पण तिथल्या माणसाला कसं पटवायचं?
खोकणाऱ्याला आत सोडत नाहीत.
आपल्याला नुसतं पडसं,
तेवढ्यानं त्यांचा आख्खा कळप आजारी पडतो, मरतातही.
"बरोबरच आहे," मॅडम म्हणाल्या,
"मी तिथं फाटकावर असते
तर मीसुद्धा मला सोडलं नसतं."

परतीच्या रिक्षात काही बोलल्या नाहीत.
हत्तीखान्याच्या वळणावर एकदम म्हणाल्या,
"नाहीच सोडलं तर मी बाहेर झाडाखाली बसते.
तू जा. तोंड नीट बघून ये.
भुवईचं हाड किती पुढं, ओठ किती लांब.
मला लई लई करून सांगू नकोस.
इंचात सांग."

काल रात्री त्यांच्या पँटीला हेम घालत होते.
त्यांचं घर नि माझं, भिंत एकच;
पलीकडं कूस बदलली तरी कळतं.
पावणेअकराला खोकल्या होत्या, त्यानंतर काही नाही.
मशीनवरच्या घड्याळाकडं बघत
सुई तशीच कापडात धरून ठेवली.
बावन्न मिनिटं.
त्रेपन्न.