सात नंबरचं कार्ड

कुपवाडच्या कारखान्यात तीन दिवस
पडद्यावर बाण सरकत राहिले.
बिस्किटं खाल्ली, सह्या केल्या.
चौथ्या दिवशी सात नंबरच्या लेथपुढं
नसीमाला एकही बाण आठवेना.

मुळीकमामांनी काही विचारलं नाही.
सुतळीनं बांधलेलं कार्ड पुढं ओढलं,
हातात गेज ठेवला.
"हिरवं टोक जाया पायजे,
लाल अडाया पायजे.
बाकीचं हात शिकतोय."

कार्ड तेलानं पिवळं. पाठीमागं
कुणाचं तरी तिरकं अक्षर:
सोमवारी मशीन गार असतं,
पहिल्या नगावर विश्वास ठेवू नको.

हे पडद्यावर नव्हतं.

दिवाळीपर्यंत लाल टोक
गेज लावायच्या आधीच
तिच्या बोटांना अडायला लागलं.

एका दुपारी उरलेल्या जागेत तिनं लिहिलं:
बांगड्या डब्यात काढून ठेव.
मग जरा थांबून, बारीक अक्षरात:
मामा ओरडत नाहीत,
त्यांना कमी ऐकू येतं.