वीस बायका पाहिजेत

पहाटे पाचला उचगाव फाट्यावर टेम्पो.
पुढं लुमाण्णा, त्याच्या शेजारी मी,
मागं बायका, डबे, कुदळी
आणि मल्लव्वाचा खोकला.
डोकी मी हात लावून मोजते,
अंधारात डोळ्यांचा हिशोब चुकतो.

वही लांबट, किराणा दुकानातली.
नावं मराठीत, माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात.
आली तर उभी रेघ, अर्धा दिवस तर टिंब.
शेवटची बेरीज कन्नडात,
कारण ती सून करते.
शिवलीला गोकाककडची, बी.ए. झालेली.
अर्ज करकरून तिची फाईल जाड झाली,
उत्तराचं पाकीट अजून यायचंय.

पूर्वी रात्री आठला फोन यायचा :
‘आक्का, उद्या वीस बायका लावून दे.’
बस्स, एवढंच.
आता मागणी वेगळी :
‘आठ पुरे. बाकीचं मशीन बघतंय.
आठांत तरण्या घाल.
एक तरी मोबाईलवर फोटो काढणारी हवी.’
आणि गडी? गड्यांचं नावच काढू नका.
गडी उद्यमबागेत, भट्टीपुढं,
सात तारखेला पगार खात्यात, पीएफ कापून.
आमचा पीएफ म्हणजे
सांजच्याला ओट्यातली चार रताळी.

शांतव्वाची नात ड्रोन शिकून आली.
परवा तिचं यंत्र आमच्या डोक्यावरून गेलं,
आम्ही पदर तोंडावर धरून खाली वाकलो.
पोरगी बांधावर उभी, पायात बूट,
लांबूनच हात केला.
शांतव्वानं पण केला,
मग शिंकत बसली दुपारपर्यंत.
एकराला किती मिळतात तिला, कुणी विचारलं नाही.
विचारावं असं सगळ्यांच्याच मनात होतं.

गेल्या मंगळवारी
भरमाण्णाच्या माळावर रताळ्यात मशीन घातलं.
लाल माती फुटली नुसती लाट होऊन,
आमचं दोन दिवसांचं काम
चहा निवायच्या आत उघडं पडलं.
मल्लव्वा म्हणाली, ‘संपलं गं आपलं.’
आम्ही गोळा करत राहिलो, मुकाट,
गोळा करायला तरी बोलावलं होतं.

बुधवारी मार्केट यार्डात
व्यापाऱ्यानं एक रताळं उचललं,
अंगठ्यानं फिरवलं,
‘साल गेली की हो. इंदूरला पोचेस्तोवर काळं पडणार.’
आणि अख्ख्या गाडीचा भाव पाडला.

त्याच रात्री, आठला :
‘आक्का, वीस बायका पाहिजेत.’
‘चारशे.’
तिकडं टीव्ही चालू होता, मालिकेत कुणीतरी रडत होतं.
‘मागच्या आठवड्यात साडेतीनशे होते की!’
‘मागच्या आठवड्यात मशीन होतं.’

फोन ठेवला आणि वही उघडली.
वीस नावं तर होती.
सावित्री खानापूरला, काजूच्या कारखान्यात.
नर्मदा आणि तिची जाऊ गोव्याला,
हॉटेलच्या चादरी धुतात.
पारव्वा नातवंडं सांभाळते, महिन्यावर.
दोघींचे फोनच लागत नाहीत.
एकजण म्हणाली, ‘आठच लागतात म्हटलीस न्हवं?
मी दुसरीकडं शब्द दिलाय.’
खोटं नव्हतं. मीच म्हटलं होतं.

बोटं मोजून झाली, अकरा.
मला धरून बारा.
भाव वाढवून घेतलेली बाई मी,
ओसरीवर बसून राहिले पेन चावत.

तेवढ्यात शिवलीला आली,
हातात कोपऱ्यातली कुदळ,
लग्नात माहेराहून आलेली चप्पल काढून ठेवलेली.
‘ना बर्ली?’ म्हणाली,
येऊ का, पण विचारल्यासारखं नव्हतं ते.
‘फोटो पण काढते.’

वही तिनंच ओढून घेतली.
माझ्या बारा नावांखाली
गोल गोल अक्षरांत स्वतःचं लिहिलं.
मला वाचता येत नाही.
पुढं मी रेघ मारली, उभी,
आणि पहाटेची म्हणून
आत्ताच मारली, हे लक्षात येऊन
दिवा मालवला.