दुभाषीची दुरुस्ती

त्बिलिसी. दुसरा मजला. पडदे ओढलेले.
काचेच्या पेटीत हीटर, पाण्याचा अर्धा पेला,
आणि आज घसा बसलेली लामारा,
जी नुसते आकडे लिहून माझ्यापुढे सरकवते.

मंत्री बोलतात चाचपत,
ओल्या फरशीवरून चालल्यासारखे.
डॅनिश बाईनं धरणाच्या दारांचं विचारलं.
ते म्हणाले, 'गाउख्सनियात.'

एकच शब्द. त्यात दारं आहेत, त्यांचं उघडणं आहे,
उघडणारे कुणीतरी आहेत, बिननावाचे,
आणि सगळ्याला चिकटलेलं, शेपटासारखं, एक 'म्हणे'.
मी नव्हतो तिथं. मलाही मागाहून कळलं.

माझ्या तोंडून इंग्रजीत गेलं: त्यांनी दारं उघडली.
'म्हणे' पेटीतच राहिलं, हीटरपाशी.
खाली बोटं धावली कळफलकांवर.
मंत्र्यांच्या नावावर एक कबुली जमा झाली,
ती माझी होती.

खरं सांगू? क्षणभर गोड वाटलं.
अकरा माणसं गेली त्या खोऱ्यात.
लामारानं माझ्याकडे पाहिलं. आकडा नाही लिहिला.
कोऱ्या कागदावर पेन्सिलीनं एक आकडी काढली फक्त,
ऐकीव गोष्टीची आमची खूण.

बटण दाबलं.
'दुभाषीची दुरुस्ती. त्यांनी दारं उघडली,
असं माझ्या कानावर आलं आहे.'
डॅनिश बाईनं मान वर करून काचेकडे पाहिलं,
ही कुणाचं मीठ खाते, ते शोधत.
मीठ त्यांचंच खाते, बाई.
जागले ती त्या शेपटाला.

मग चौथ्या रांगेतून जुंबेर उठला,
खोऱ्यातल्या रेडिओचा, बुटांवर अजून गाळ.
विचारायचं सोडून त्यानं सांगितलंच:
'गाख्सनेस. रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी.
लोखंड ओरडलं. मी पुलावर होतो.'

तेच क्रियापद, शेपूट नसलेलं.
जो तिथं उभा होता, त्यानंच वापरायचं रूप.
मीही तसंच म्हटलं, एक श्वासही न वाढवता:
त्यांनी उघडली. मी पुलावर होतो.

मघाचं 'म्हणे' मी गिळलं असतं
तर ही दोन वाक्यं इंग्रजीत
जुळ्या बहिणींसारखी दिसली असती,
आणि लोकांना वाटलं असतं,
चला, दोघांचं एकमत झालं.

'पुढचा प्रश्न,' मंत्री म्हणाले.
तेही सांगितलं. त्याच सुरात.

संध्याकाळी टिपणं यंत्रात घालून फाडायची, नियम आहे.
लामारानं खोकत खोकत तिची घातली.
माझ्या पानावर वर आकडी,
खाली जुंबेरचं वाक्य, बिनआकडीचं.
यंत्रानं अर्धं ओढलं आणि अडकलं. लाल दिवा.
मी बाहेर खेचलं नाही. आतही ढकललं नाही.
कोट घालून खाली उतरले.

पुलाखालून नदी जात होती, अजून तपकिरी.
हे ऐकीव नाही.