चौथ्या क्रमांकाचं झाड

मिठाच्या बरणीमागे बाबांनी जपून ठेवलाय
पट्ट्याचा एक वीतभर तुकडा,
खारीनं कुरतडलेला.
घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते म्हणतात, ओढ.
सोब्झाककाकांनी ओढला,
टपाल आणणाऱ्या बाईनं ओढला,
पाद्र्यांनीसुद्धा, जरा संकोचून.
तुटत नाही तो.
मग बाबा चाकांची खुर्ची किंचित मागे घेतात
आणि म्हणतात,
तेव्हाही मी हातानं ओढूनच पाहिला होता.

सोळा फूट.
आमच्या गवताच्या कोठाराहून कमी.
विस्कॉन्सिनच्या या टोकाला नोव्हेंबरात
साडेचारलाच अंधारतं, बोटांची लाकडं होतात,
आणि दोन मैलांवरून नाकाला लागतो
आईच्या वाटाण्याच्या सूपचा वास.
अशा वेळी माणूस कमरेची कडी सोडतो.
दोनच तर पायऱ्या, म्हणतो.
चढताना भीती सोबत असते,
उतरताना ती आधीच घरी पोचलेली असते.

बंदूक मात्र त्यांनी नीट उतरवली होती,
गोळ्या काढून, दोरीला बांधून, हळूहळू,
झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तशी.
तिच्यावर एक ओरखडा नाही.

कुठं चाललास, आई विचारायची.
रानात, ते म्हणायचे.
चाळीस एकर रान.
त्या रात्री आई आणि सोब्झाककाका कंदील घेऊन
झाडामागून झाड हिंडले.
पहिल्यावर नाही, दुसऱ्यावर नाही,
तिसऱ्याच्या मचाणावर नुसता थर्मास.
चौथ्याखाली, रात्री दीडला, बाबा.
शिट्टी होती त्यांच्याकडे.
वर टांगलेल्या पिशवीत.

मधल्या वेळात एक हरिणी आली होती म्हणतात.
बुटांचा वास घेतला तिनं,
आणि उभी राहिली बराच वेळ.
आठवडाभर हिच्याचसाठी बसलो होतो, बाबा सांगतात,
आणि ती आली तेव्हा
मला तिला म्हणायचं होतं, ऐलीला बोलव.

आता ऑक्टोबरचा पहिला रविवार
आमच्या जेवणाच्या टेबलावर पट्टे पसरतात.
बाबा चष्मा कपाळावर चढवून
एकेका शिवणीवरून अंगठा फिरवतात,
तांदूळ निवडावेत तसे.
जरा विटलेला दिसला की कात्री.
नवा आहे हो, मी म्हणते. गेल्याच वर्षीचा.
उन्हाला कुठं ठाऊक, ते म्हणतात.

फ्रिजवर हातानं काढलेला नकाशा,
झाडांना आकडे.
चार हा आकडा नाही त्यात.
तीननंतर एकदम पाच.

पहाटे पाचला मी बुंध्याशी उभी राहते.
पाय जमिनीवर असतानाच कडी अडकवते,
टक्,
आणि तो आवाज ऐकल्याशिवाय
मला पहिली पायरी दिसतच नाही.
दोन पाय, एक हात. दोन हात, एक पाय.
शेजारी जीवनदोरीवरची गाठ,
तिला माझ्याबरोबर वर सरकवत न्यायचं,
हट्टी लहान भावासारखं.
शिट्टी गळ्यात. फोन छातीच्या खिशात.
लोंबकळलेच कधी, तर पाय रोवायला
दोरीचा एक फासा बाजूच्या खिशात,
नुसतं टांगून राहणंही माणसाला मारतं
हे बाबांनी तीनदा सांगितलंय.
शाळेतली पोरं हसतात.
पाळण्यातली शिकारीण, म्हणतात.
हसोत.

मचाणावर बसल्यावर, श्वास जागेवर आल्यावर,
हातमोजा दातानं ओढून
मी एकच शब्द पाठवते:
वर.
उत्तर येतं: हं.

मग दिवसभर काही नाही.
बीचची दोन पानं, एक सुतार पक्षी.
एखाद वेळी हरीण.
बहुतेक वेळा नाहीच.

संध्याकाळी खाली उतरते, कडीसकट,
शेवटच्या दोन पायऱ्या सगळ्यांत सावकाश,
आणि बूट पाचोळ्यात बुडल्यावरच
कडी सोडते.
खाली, मी लिहिते.

यावेळी हं येत नाही.
आई सांगते,
चारपासून हातात फोन धरून बसलेले असतात ते,
आणि तो शब्द वाचला
की ताट मागतात.