तीन जूनची प्रतिमा

पडद्यावर मढचा किनारा निपचित पडलेला.
खाडी निळी, तिवरं हिरवी,
वस्ती करडी, जरा गिचमिड,
आणि वस्तीच्या पश्चिमेला एक फिकट पिवळा तुकडा,
ज्याला मीच मागच्या आठवड्यात नाव दिलं :
मोकळी जमीन.

प्रतिमा चांगली होती. ढग शून्य टक्के.
रणदिवे म्हणाले, जागेवर जाऊन एकदा टिक करून ये, संपलं.

टिक करायला आले, तर टॅब्लेटवरचा निळा ठिपका
म्हणजे मी,
बोंबलांच्या मधोमध उभी.
डोक्यावर बोंबील, डाव्या-उजव्या हाताला बोंबील,
वलांड्यांवर जबड्यात जबडा अडकवून
जोडीजोडीने लटकलेले,
वाऱ्याने सगळे एका अंगाला कललेले.
अचूकता तीन मीटर, ठिपका म्हणाला.

चांगुणाबाय दोरीखालून वाकून आली.
मी तिला तिची जागा दाखवली, आकाशातून.
तिने चिमटीने मोठी केली, लहान केली,
निळ्या ताडपत्रीवरून स्वतःचं घर ओळखलं.
भरतीरेषेवर थबकली :
"ही कंची भरती? उधानाची का भांगाची?"
मग पिवळ्या तुकड्यावर नख टेकवलं.
"यो फोटो बंदीतला हाय.
एक जूनला होऱ्या वर, दोऱ्या खाली.
तुमचा उपग्रह बरोबर त्याच टायमाला आला गो,
आमी आंगण झाडून ठेवल्यावर."

आणि हसली.
मला हसता आलं नाही.
चौथ्या थरावर प्रस्तावित रस्त्याची लाल तुटक रेघ आहे.
तिवरांपाशी ती वळते, वस्तीपाशी वळते.
मोकळ्या जागेत कशाला वळेल?

जाताना तिने वर्तमानपत्रात बांधून सहा बोंबील दिले.
बसमध्ये माझ्या शेजारची जागा अंधेरीपर्यंत रिकामीच राहिली.
वरून पाहणाऱ्याला तीही मोकळीच दिसली असती.

रात्री ऑफिसात तो तुकडा पुन्हा उघडला.
यादीत होतं : निवासी, तिवर, वाळू, दलदल, मोकळी, इतर.
मी इतर निवडलं.
शेरा लिहायला साठ अक्षरं मिळतात, काना-मात्रा धरून.
लिहिलं :
बोंबील वाळवण ऑक्टोबर ते मे. जूनच्या प्रतिमेवर मुळीच विसंबू न

आणि तिथे जागा संपली.