पामबीच, पहाटे पावणेपाच

रोशनी पाडवी येणार म्हणून
मोघेकाकांनी नवे मोजे घातलेले.
मी औषधांच्या बिलामागे
प्रश्न लिहून आणलेले.
पहिलाच:
पस्तिसाव्या किलोमीटरला मनात काय असतं?

ती रिक्षातून उतरली. एवढीशी.
टीव्हीवर उंच वाटायची.
सुट्टे नव्हते, शर्वाणीने वीस रुपये दिले
आणि नंतर आठवडाभर सगळ्यांना सांगितले.

फोटो झाले. कुणीतरी तिच्या बुटांना
वाकून हात लावला, नमस्कारासारखा.
ती मागे सरकली, माझ्यावर आदळली,
कानाशी म्हणाली,
ताई, इथं बाथरूम कुठंय?

अकरा वर्षं या रस्त्यावर धावतेय.
वेग नाही, पदक नाही,
पण हे मला ठाऊक होतं.
सानपाड्याच्या पंपामागे.
कडी लागत नाही, दार पायाने दाबून धरायचं.

दोघी धावत गेलो तिथवर,
माझ्या वेगाने.
मीच दार धरलं बाहेरून.
हातात तिचं जाकीट, बामचा वास,
खिशात खडीसाखरेची पुडी.
खाडीला ओहोटी. चिखलात एक बगळा
कुणाचीच वाट न बघता उभा.

बाहेर आली, तोंडावर पाणी मारलं, हसली.
"शर्यतीत शेवटी शेवटी
एवढंच असतं बघा डोक्यात."

मग ती सुटली.
नेरुळच्या वळणाआधीच
दिव्याखालून दिव्याखाली जाणारा ठिपका.

मोघेकाका धापा टाकत आले,
काय गं, काय बोलली?
मी बिलाची घडी आणखी बारीक केली.
काही नाही, म्हटलं,
तंत्राबद्दल.